काचऱ्यांची कृती आणि अंदाजाची भाषा

माझ्या आत्याच्या पाककृतींच्या वहीत बटाट्याच्या काचऱ्यांची कृती तीन वाक्यांत संपते. बटाटे पातळ चिरून घ्यावेत. तेलाची फोडणी करून त्यात परतावेत. तिखट-मीठ घालून कुरकुरीत झाल्यावर उतरवावेत. वही दोनशे पानी आहे, अक्षर वळणदार आहे, अनारसे आणि चिरोटे यांना प्रत्येकी दीड-दोन पाने दिलेली आहेत. काचऱ्यांना मात्र पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून, तीन वाक्ये.

ही वही वाचून काचऱ्या करू पाहणाऱ्या माणसाला काचऱ्या येणार नाहीत. मला आल्या नाहीत. पेणला एकट्याने राहू लागल्यावर मी या तीन वाक्यांबरहुकूम अनेकदा प्रयत्न केले. कधी बटाट्याचा लगदा झाला, कधी कडा जळाल्या आणि मधला भाग कच्चा राहिला, कधी सगळ्या फोडी कढईच्या बुडाशी चिकटून बसल्या. दोष माझा होताच, पण सर्वस्वी माझा नव्हता. ज्या बाईने ही वाक्ये लिहिली, तिला या पदार्थाविषयी किमान तासभर बोलता येईल एवढे ठाऊक होते. ते बोलणे मी स्वतः ऐकलेले आहे. तेच ज्ञान कागदावर उतरताना तीन वाक्यांएवढे का झाले, हा माझ्या मते साहित्याच्या अभ्यासकांनी विचारावा असा प्रश्न आहे.

प्रथम त्या वाक्यांचे व्याकरण पाहू. 'घ्यावेत', 'परतावेत', 'उतरवावेत' ही सगळी विध्यर्थी रूपे आहेत. ती कोणी कोणाला उद्देशून म्हटली, हे वाक्यातून कळत नाही. कर्ता नाही, श्रोता नाही, आणि वेळही नाही. 'कुरकुरीत झाल्यावर' या शब्दांत एक खूण दिल्यासारखी वाटते, पण ती खूण नव्हे. ते फळ आहे. पदार्थ झाला की उतरवा, एवढेच त्यात सांगितले आहे. तो होत आला आहे हे कशावरून ओळखावे, याविषयी अवाक्षर नाही. एखाद्या समीक्षकाने 'कविता चांगली असल्यास तिला चांगली म्हणावे' असा निकष द्यावा, तशातला हा प्रकार.

आता तिचे बोलणे. आत्या रोह्याला राहत असे. शेवटच्या सहा-सात वर्षांत काचबिंदूमुळे तिची दृष्टी हळूहळू गेली. तरीही ती स्वयंपाकघरात वावरत होती, आणि एका रविवारी मी पेणहून सकाळच्या गाडीने तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मला समोर बसवून काचऱ्या करून दाखवल्या. 'दाखवल्या' हा शब्द इथे थोडा विपरीत आहे, कारण तिला स्वतःलाच दिसत नव्हते. ती मला ऐकवत होती. त्या दिवशी मी वहीत जे टिपून घेतले, त्यातले काही तसेच्या तसे देतो.

"एक काप टाकून बघ. चर्र झालं पाहिजे. नुसतं फुस्स झालं तर थांब, तेल झोपलंय अजून."

"आता झाकण ठेव. आत रडारड चाललीय ती ऐकू येते ना? रडू दे. पाणी आहे ते त्याचं."

"रडं थांबलं की झाकण काढ. काढताना तिरकं धर, वरचं पाणी आत सांडू नकोस. आता पुन्हा झाकायचं नाही, कोणी आलं-गेलं तरी."

"सारखं ढवळू नको रे. बटाट्याला कढईची ओळख होऊ दे."

"आता चुरचुरतंय. अजून नाही. कुजबुजायला लागलं की तिखट."

"आता उलथनं फिरव. वाळकी पानं लोटल्यासारखा आवाज येतो का? आला ना? मग मीठ, आणि उतरव."

ही कृती वहीतल्या कृतीपेक्षा लांब आहे, पण मुख्य भेद लांबीचा नाही. इथे विध्यर्थाच्या जागी आज्ञार्थ आला आहे, म्हणजे समोर कोणीतरी आहे. आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याचा सांगाडा एकच आहे: अमुक झाले की तमुक कर. आधी खूण, मग क्रिया. वहीतल्या लेखनात क्रिया आहेत, खुणा नाहीत. बोलण्यात खुणाच जास्त आहेत आणि क्रिया अगदी थोड्या. स्वयंपाक ज्याला येतो आणि ज्याला येत नाही, त्या दोघांत फरक असतो तो या खुणांचाच. परतता कोणालाही येते. कधी परतू नये, हे शिकावे लागते.

तिच्या खुणा आवाजाच्या होत्या. कोणी म्हणेल की दिसत नव्हते म्हणून तिने कानांवर काम भागवले. मीही तसेच समजत होतो. पुढे बटाट्याविषयी थोडे वाचल्यावर लक्षात आले, की तिचे कान या कामात डोळ्यांपेक्षा अधिक विश्वासाचे होते. बटाट्यात साधारण चार पंचमांश पाणी असते. गरम तेलात काप पडला की त्या पाण्याची वाफ होऊन ती बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ लागते, आणि आपण जो आवाज ऐकतो तो या वाफेचा असतो. पाणी भरपूर असेपर्यंत आवाज मोठा आणि ओलसर येतो. पाणी कमी होत जाते तसा तो बारीक होतो. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. बटाट्याला खरपूस रंग आणि वास देणारी प्रक्रिया, जिचे वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 साली केले, ती वेगाने घडायला साधारण 140 अंशांच्या आसपासचे तापमान लागते. म्हणजे पृष्ठभाग कोरडा झाल्याशिवाय तांबूसपणा नाही, आणि तो कोरडा होत आल्याची बातमी आवाज देतो. रडारड, चुरचुर, कुजबुज, वाळकी पाने: ही चार नावे म्हणजे बटाट्यातील ओलाव्याच्या चार पायऱ्या आहेत. डोळ्यांना रंग दिसेपर्यंत निम्मे काम होऊन गेलेले असते.

मीठ शेवटी का, याचेही उत्तर यातच आहे. मीठ बटाट्यातले पाणी ओढून बाहेर काढते; ते आधी घातले तर पृष्ठभाग पुन्हा ओला होतो आणि रडे नव्याने सुरू होते. तिखट उशिरा, कारण ते बटाट्याआधी जळते. चिरलेले काप पाण्यातून काढायचे, कारण कापलेल्या पृष्ठभागावर सुटलेला स्टार्च धुतला नाही तर काप एकमेकांना आणि कढईला चिकटतात. धुतल्यावर पंचावर पसरून टिपून घ्यायचे, नाहीतर धुण्याचा फायदा निघून जातो. नव्या बटाट्याच्या काचऱ्या करू नयेत, असा आत्याचा दंडक होता. "नवा बटाटा फार रडतो" असे ती म्हणे. नव्या बटाट्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी असतो, हे त्याचे पुस्तकी स्पष्टीकरण. उलट शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यात काही स्टार्चची साखर होते आणि तो आत शिजण्याआधीच बाहेरून काळवंडतो. अशा बटाट्याला ती 'लबाड' म्हणे. वेफर्सच्या कारखान्यांसाठी सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 साली 'कुफरी चिपसोना' नावाचे वाण आणले, ते नेमके याच दोन अडचणींकडे पाहून: पाणी कमी, साखर कमी. संस्थेने प्रयोगशाळेत मोजले ते रोह्याच्या एका स्वयंपाकघरात 'रडका' आणि 'लबाड' या दोन विशेषणांत बसले होते.

यातून आत्या शास्त्रज्ञ होती, असे मला सुचवायचे नाही. आपल्याकडे आजीबाईंच्या बटव्यात सगळे विज्ञान आधीपासून होते असे म्हणण्याची एक आळशी पद्धत आहे, तिच्यात मला भर घालायची नाही. आत्याला मायार ठाऊक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. माझा मुद्दा भाषेचा आहे. ज्याला आपण 'अंदाज' म्हणून सोडून देतो, तो अनेकदा मोघम नसतो. त्यामागे निकष असतात, त्या निकषांना नावे असतात, आणि ती नावे ऐकणाऱ्याला वापरता येण्याइतकी नेमकी असतात. मी त्या नावांच्या आधारे पेणला परत येऊन काचऱ्या केल्या आणि पहिल्याच खेपेस त्या जमल्या.

मराठी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार शिकवतात: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. तिसऱ्या प्रकाराखाली किरकिर, बडबड, कडकडाट अशी उदाहरणे येतात, विद्यार्थी ती पाठ करतात आणि गुण मिळवतात. हे शब्द भाषेची गंमत आहेत, बालगीतांना बरे, गंभीर गद्याला जरा हलके, असा एक समज त्या शिकवण्यातून नकळत तयार होतो. स्वयंपाकघरात मात्र हेच शब्द परिभाषेसारखे काम करतात. मोहरी तडतडते, भात रटरटतो, आमटी खदखदते; या क्रियापदांची अदलाबदल केली तर कोणतीही अनुभवी गृहिणी हसेल. पदार्थ तयार झाल्यावरची विशेषणेही तशीच काटेकोर आहेत. पापड कुरकुरीत असतो, करंजीची पारी खुसखुशीत असते, कारण तिच्यात मोहन आहे आणि ती मोडताना भुगा होतो. खमंग हे भाजण्याच्या वासाचे, खरपूस हे भाजण्याच्या रंगाचे आणि वासाचे मिळून. आणि करपलेले हे त्याच्या एक पाऊल पुढचे, जिथून परत येता येत नाही.

गंमत अशी, की या शब्दसंपत्तीवर मराठी समीक्षा वर्षानुवर्षे जगत आली आहे. लेखाची शैली आपण खुसखुशीत म्हणतो, संवाद चुरचुरीत असतात, चर्चा खमंग होते, एखाद्याचा खरपूस समाचार घेतला जातो, न जमलेले लेखन अळणी ठरते. आपल्या साहित्यविचाराचा पाया मानल्या गेलेल्या नाट्यशास्त्रात भरताने रसाची कल्पना विशद करताना दृष्टान्त घेतला तो जेवणाचाच: नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न आणि त्याचा आस्वाद घेणारा जाणता माणूस. म्हणजे आस्वादाची भाषा आम्ही पाकशाळेतून उचलली, तिच्यावर सिद्धान्त रचले, आणि ज्या ठिकाणी ती रोज नव्याने घडत होती तिथे कोणी कान लावून बसले नाही.

लोकसाहित्याचे संकलन झाले नाही असे नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या तोंडून ऐकून घरातल्या माणसांनी कागदावर उतरवली नसती, तर 1952 साली त्यांचा संग्रह निघालाच नसता. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने घरातल्या बोलण्याला मराठी गद्यात मानाचे पान मिळवून दिले. तरीही या सगळ्यात एक निवड आहे. जात्यापाशी बसून संकलकांनी गाणे घेतले. पीठ किती जाड, हे हाताला कसे कळते, ते घेतले नाही. गाणे हे साहित्य आणि ते दुसरे ज्ञान हे काम, अशी विभागणी त्यांच्याही मनात असावी. ती आपल्या मनात आजही आहे.

या विभागणीचे एक जिवंत उदाहरण मला पेणमध्ये रोज दिसते. हे गाव गणेशमूर्तींचे. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचा आकार साच्यातून निघतो, पण डोळ्यांची आखणी हाताने होते, आणि ती करणाऱ्या कारागिराला विचारले की बुबुळ नेमके कुठे, तर तोही सांगेल की अंदाजाने. तिथे 'अंदाज' या शब्दाला वजन आहे. तो अंदाज म्हणजे कला, तो करणारा कलाकार, आणि आखणी चांगली असलेल्या मूर्तीला भावही जास्त. माझ्या आत्याचा अंदाज मात्र आम्ही सगळे 'सवय' म्हणत असू. दोन्हीकडे वर्षानुवर्षांचा सराव आहे, दोन्हीकडे चूक सुधारायला संधी नाही. फरक एवढाच, की एकीकडे कामाला मोल आहे आणि दुसरीकडे ते घरातल्या बाईचे काम आहे.

ही 'सवय' म्हणण्याची किंमत आम्ही घरात मोजली, त्याविषयी लिहिणे भाग आहे. आत्याची दृष्टी फारच क्षीण झाल्यावर तिला गॅसपाशी जाऊ द्यायचे नाही, असा निर्णय घरच्यांनी घेतला. त्या बैठकीत मी होतो आणि माझेही मत तेच पडले. भाजेल, पेटेल, आम्हाला काळजी वाटते, ही सगळी कारणे खरी होती. पण तिला जे येते ते दिसल्याशिवाय येणारच नाही, हे आम्ही गृहीत धरले होते, आणि ते खोटे होते. वर सांगितलेला रविवार हा त्या निर्णयाच्या आधीचा शेवटचा रविवार. त्यानंतर ती माजघरात खुर्चीवर बसू लागली. आत तिची सून काचऱ्या परतत असली की ती बाहेरून सांगे, "आता उघड." आणि सुनेने झाकण काढले की ते नेमके वेळेवर असे. आम्ही याचे कौतुक केले, हसलो, पाहुण्यांना सांगितले. तिला पुन्हा आत बोलावून, कोणीतरी शेजारी उभे राहून, कढई तिच्या हाती द्यावी हे कोणाला सुचले नाही. गेल्या वर्षी ती गेली. मी टिपून घेतलेली पाने सहा भरली. अळूवडीची, भाकरीची, घावनाची पाने कोरी राहिली, कारण ती मी पुढच्या खेपेला विचारणार होतो.

इथे एक आक्षेप मलाच सुचतो आणि तो खोडून काढणे सोपे नाही. छापील पाककृतीने मोजमापाची भाषा स्वीकारली म्हणून तिला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 सालचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' या पुस्तकाने अनेक घरांत जागा मिळवली. आणि 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने तर वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे प्रमाण मानून लाखो मुलींना धीर दिला. तोंडी ज्ञान हे नेहमी कोणाच्या तरी ताब्यात असते. ते सासूने सांगितले तर मिळते, न सांगितले तर मिळत नाही. सांगताना दोन टोमणे मिळतात ते वेगळेच. एकत्र कुटुंबातून निघून शहरात बिऱ्हाड थाटणाऱ्या मुलीला 'रुचिरा'ने या ताब्यातून सोडवले. 'अंदाजाने घाल' या वाक्याने पुष्कळ मुलींना रडवले आहे, हे विसरून अंदाजाचे गोडवे गाणे हा शुद्ध अप्पलपोटेपणा होईल, विशेषतः माझ्यासारख्या पुरुषाने ते गाणे.

म्हणून माझी तक्रार मोजमापाविरुद्ध नाही. मोजमाप आले तेव्हा खुणा गळाल्या, याविषयी आहे. आणि त्या गळायलाच हव्या होत्या असे मुळीच नाही. दुर्गा भागवतांचे 'खमंग' वाचणाऱ्याला ठाऊक आहे, की अन्नाविषयी लिहिताना विद्वत्ता आणि जीभ एकाच वाक्यात नांदू शकतात. आत्याने तिची वही लिहिली तेव्हा तिच्यासमोर नमुना होता तो मासिकांतल्या पाककृतींचा. साहित्य, कृती, इतक्या व्यक्तींसाठी. तिने तो इमानाने गिरवला. 'तेल झोपलंय' हे लिहिण्याजोगे वाक्य आहे असे तिला वाटले नाही, कारण तसे लिहिलेले तिने कुठे वाचले नव्हते. लेखनाच्या एका प्रकाराने तिला शिकवले, की तुला जे येते त्यातले निम्मे लिहिण्याच्या लायकीचे नाही. साहित्यप्रकार काय सांगू देतात आणि काय गिळतात, यावर आपण वर्गात तासन् तास बोलतो. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही: एकच व्यक्ती, एकच विषय, दोन संहिता.

आज कोणी म्हणेल की वही आणि पुस्तक दोन्ही मागे पडले, आता सगळे पडद्यावर बघता येते, आवाजही ऐकू येतो. मी असे पुष्कळ काही पाहिले. त्यात कढईत काप पडतात आणि पुढच्या क्षणी ते सोनेरी झालेले असतात. मधली दहा-बारा मिनिटे कापून टाकलेली असतात, कारण त्यात बघण्यासारखे काही नसते. आवाजाच्या जागी बहुधा संगीत असते. आत्याचे सगळे ज्ञान त्या कापलेल्या मिनिटांतले होते.

आणि मग शब्द उरतो तो एकच, 'क्रिस्पी'. हा शब्द परका म्हणून मला खुपतो असे कोणी समजू नये. 'बटाटा' हा शब्द तरी आपला कुठे आहे? दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले हे पीक, आणि त्याचे मराठी नाव आले ते पोर्तुगिजांकडून. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते. तिथल्या चौलवर 1740 पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता, आणि कोर्लई गावात आजही पोर्तुगीज-मराठी संकरातून झालेली एक बोली बोलली जाते. उत्तरेत या कंदाला 'आलू' हे जुने देशी नाव चिकटले; आपण परका शब्द घेतला आणि तो असा पचवला, की बटाटा आज आपल्या उपवासालाही चालतो. एकादशीला मोहरी, हिंग आणि हळद वगळून, तुपावर जिरे आणि हिरवी मिरची घालून केलेल्या काचऱ्या खाताना कोणाच्या मनात पोर्तुगीज येत नाहीत. त्या शब्दाने आपल्याकडे नसलेली वस्तू दिली. 'क्रिस्पी' मात्र जी वस्तू आपल्याकडे होती तिच्यासाठी येतो, आणि कुरकुरीत, खुसखुशीत, चुरचुरीत, कडक अशा चार-पाच शब्दांची जागा एकटा अडवतो. शब्द गेला की भेद करण्याची सवय जाते. पापड आणि करंजी दोन्ही 'क्रिस्पी' ठरल्या की मोहन कशासाठी घालायचे, हे सांगायला शब्द उरत नाही.

आमच्या भागात तर कुरकुरीतपणा हा मुळातच थोड्या वेळाचा पाहुणा. पेण-रोह्याच्या पावसाळी हवेत ताटात वाढलेल्या काचऱ्या पाच-दहा मिनिटांत मऊ पडतात. श्रावणात मासळी बंद झाली की घरोघरी बटाट्याचे, सुरणाचे, वांग्याचे जाड काप आमसुलाचे आगळ, हळद, तिखट लावून तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर भाजतात, मासे तळावेत तसेच. तेही तव्यावरून थेट पानात पडले तरच खरे. दिवा-रोहा गाडीत पोळीच्या घडीत दडपलेल्या काचऱ्या नागोठणे येईपर्यंत पार मऊ होतात आणि पोळीला तेल-हळदीचा पिवळा डाग देतात. त्यांनाही एक चव आहे, आणि तिच्यासाठी मला अजून शब्द मिळालेला नाही. आत्याकडे असावा.

साहित्याच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे अगदी लहान आहे. प्रकल्पासाठी आपण मुलांना जवळच्या गावातल्या दंतकथा, म्हणी, ओव्या गोळा करायला धाडतो. त्याबरोबर त्यांना एक काम आणखी द्यावे. घरातल्या जाणत्या माणसापाशी, मग ती आजी असो, वडील असोत की खानावळीतला आचारी, एक रोजचा पदार्थ होत असताना शेजारी बसावे आणि तो माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, आज्ञार्थासकट, टिपून घ्यावे. अनारसे-चिरोट्यांकडे जाऊ नये; त्यांना दीड पान आधीच मिळालेले आहे. भात, आमटी, काचऱ्या यांच्याकडे जावे. मग तीच कृती त्या माणसाला स्वतःच्या हाताने लिहायला सांगावी आणि दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. मौखिक आणि लिखित परंपरा यांवरच्या व्याख्यानाने जे समजावता येत नाही, ते या दोन कागदांत दिसेल.

आणि हे पुढच्या खेपेवर टाकू नये.

मी आत्याच्या वहीत त्या तीन वाक्यांच्या खाली, उरलेल्या जागेत मावेल तेवढे, तिचे बोलणे उतरवून ठेवले आहे. अक्षर बारीक काढावे लागले. तरी 'वाळकी पानं' समासात गेली.